वाकडं लाकूड

कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीत बाबा हिशेब लिहायचे. सकाळची शाळा सुटली की त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. वखार खाडीच्या वाटेवर होती. मुरबाड-शहापूरकडून आलेले सागाचे ओंडके एकीकडे, चिरलेल्या फळ्या आणि वासे दुसरीकडे, आणि अगदी मागे, कुंपणाला लागून, वाकड्यातिकड्या लाकडांचा ढीग. बाभूळ, ऐन, जे काही करवतीखाली सरळ बसत नाही ते सगळं तिथे टाकलेलं. हा माल वजनावर जायचा, चुलीसाठी. घर बांधणारा, पलंग करणारा, दारं-खिडक्या करणारा सुतार त्या ढिगाकडे ढुंकूनही बघत नसे.

दिवाळी झाली की एक माणूस यायचा आणि थेट त्या ढिगाकडेच जायचा. सगळे त्यांना ‘बंदरावरचे मिस्त्री’ म्हणत. काखेत दोन-तीन फर्मे असायचे, पातळ फळकुटाचे, विळ्याच्या पात्यासारखे वळलेले. एकेक लाकूड पायाने उलटं करायचं, फर्मा लावून बघायचा, मान हलवून पुढे. जमलं तर हाताने त्यावरची माती पुसून ते बाजूला उभं करून ठेवायचे. तासन्‌तास हे चाले. बाबा आतून हाक मारायचे, “मिस्त्री, चहा निवतोय.” ते म्हणायचे, “आलो भाऊ, हा एवढा एक वाक जुळू दे.”

वाक म्हणजे होडीची बरगडी. होडीच्या तळातून लांबच्या लांब जाणारं जे मुख्य लाकूड, त्याला पठाण म्हणतात. ते होडीचा कणा. त्याच्या दोन्ही अंगांनी वर वळत जाणारे ते वाक, आणि वाकांवर बाहेरून फळ्या. पठाणाला सरळसोट लाकूड लागतं, फळ्यांना चांगला साग लागतो. पण वाकाला मात्र जन्मतः वाकलेलं झाडच हवं. असं का, हे मी एकदा विचारलं. मिस्त्रींनी ढिगातून दोन तुकडे काढले. एक, सरळ फळीतून करवतीने वळण देऊन कापलेला. दुसरा, बाभळीच्या खोडातून फांदी फुटते तिथला, आपसूक वळलेला. दोन्हींचा आकार सारखाच. “बाय, इथे हात फिरव,” ते म्हणाले. पहिल्या तुकड्यावर बोट फिरवलं तर लाकडाच्या रेघा वळणाशी येऊन संपत होत्या, कडेवरून तुटून जात होत्या. “इथे रेघ तुटली ना, लाट बसली की इथेच मोडणार.” दुसऱ्या तुकड्यावर तीच रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणाबरोबर वळत गेली होती. बोट कुठेच अडलं नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली असतील, पण ती न अडलेली रेघ अजून बोटाला आठवते.

कल्याण म्हटलं की आज लोकांना जंक्शन आठवतं. गाडी बदलायची, पुलावरून धावायचं, फलाटावर उभं राहायचं. पण हे गाव दोन हजार वर्षं ज्या रस्त्याच्या जोरावर जगलं, तो पाण्याचा. उल्हास नदीत समुद्राची भरती थेट कल्याणच्या वरपर्यंत चढते. खाली ठाण्यापाशी पाण्याला दोन वाटा फुटतात, एक घोडबंदरावरून वसईकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे. मागे सह्याद्रीचे घाट आणि त्यांच्या पायथ्याची सागाची जंगलं. बोटी बांधायला याहून वेगळं काय लागतं? कान्हेरीच्या लेण्यांत दानं दिलेल्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचे शिलालेख आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचं नाव येतं, तेही तक्रारीच्या सुरात: इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात म्हणून. सहाव्या शतकातला कॉसमस लिहितो की इथून तांबं, कापड आणि शिसवीचे ओंडके बाहेर जातात. ओंडके! म्हणजे बाबांच्या वखारीची परंपरा चौदाशे वर्षांची.

आपल्या पाठ्यपुस्तकात कल्याण एका ओळीत येतं. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, खाडीकाठच्या टेकडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि मराठी आरमाराची सुरुवात झाली. ती ओळ पाठ करताना मला कधी प्रश्न पडला नाही की बोटी नेमक्या बांधल्या कोणी. प्रश्न पुढे पडला, तोही पोर्तुगीजांच्या कागदांमुळे. १६५९ सालचे त्यांचे कागद सांगतात की शहाजीराजांचा मुलगा कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे लढाऊ नावा बांधून घेतो आहे, आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर मुख्य आहे. पोर्तुगीज घाबरले ते साहजिकच. वसई त्यांची, ठाणं त्यांचं. कल्याणात बांधलेली नाव समुद्रात जायची तर त्यांच्या दारावरून जाणार. त्यांनी व्हिएगसला चुचकारलं, निरोप धाडले, आणि एके दिवशी तो आणि त्याच्या बरोबरची बायकामुलांसकट तीनशेहून अधिक माणसं काम अर्धं टाकून पोर्तुगीज हद्दीत निघून गेली.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. एवढी माणसं एकाएकी गेली, त्यानंतरच्या सकाळी काय झालं असेल? खाडीच्या काठावर टेकू देऊन उभे केलेले सांगाडे, वाक बसवलेले, फळ्या अर्ध्यावर आलेल्या. मुकादम नाही. नकाशा तर कुणाकडेच नसणार, कारण या बोटी नजरेनं आणि दोरीनं बांधल्या जात. तरी काम थांबलं नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या स्वारीवर गेले तेव्हा पंचाऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं बरोबर होती. ती सगळी कल्याणची नव्हेत, कोकणच्या इतर बंदरांतही बोटी बांधल्या जात होत्याच. पण ज्या हातांनी पोर्तुगीजांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि जे हात आधीपासूनच मचवे-पडाव बांधत होते, ते कुठेही गेले नव्हते. मुकादमाचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तो पळाला आणि त्याच्यामुळे पत्रव्यवहार झाला. जे राहिले, त्यांच्याबद्दल कुणाला पत्र लिहायचं कारणच पडलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पोर्तुगीज ज्या नावांना ‘सांगिसेल’ म्हणत, त्यांचं नाव आपल्या संगमेश्वरावरून आलं असं मानलं जातं. लांब, अरुंद, उथळ पाण्यात चालणारी ती संगमेश्वरी. शास्त्री नदीच्या काठचं, समुद्रापासून कितीतरी आत असलेलं हे गाव, पण त्याच्या नावाची होडी लढाईला जायची. नदीकाठच्या गावांनी बांधलेल्या बोटींची एक खूण असते. समुद्रातल्या जहाजाला तरंगता आलं की पुरे. खाडीतल्या होडीला बसताही आलं पाहिजे. ओहोटी लागली की पाणी निघून जातं आणि होडी चिखलावर टेकते, दिवसातून दोनदा. पोट खोल असेल तर ती कलंडेल, भरलेलं भात एका अंगाला येईल, फळ्यांचे सांधे उघडतील. म्हणून तळ सपाट, अंग पसरट. मिस्त्री म्हणायचे, होडी म्हशीसारखी बसली पाहिजे. म्हैस चिखलात कशी बसते ते पाहिलेल्याला यापुढे काही सांगायला नको.

बांधणीपेक्षा दुरुस्तीचं काम कितीतरी जास्त. नवी होडी वर्षा-दोन वर्षांत एखादी, दुरुस्तीला मात्र बंदरावर कायम चार-पाच लागलेल्या. आणि दुरुस्तीसाठी नदीकाठच जास्त सोयीचा, त्याला कारण आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी एक कीड असते. ती फळीत सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून शिरते आणि आत बोटाएवढे बोगदे करते. वरून फळी धड दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. ही कीड गोड्या पाण्यात जगत नाही. पावसाळ्यात नदीला पूर आला, खाडीचं पाणी गोडं झालं, की काठाला बांधून ठेवलेल्या होडीतली कीड आपोआप मरते.

काम चालायचं ते तिथीवर. अमावास्येला नाही तर पौर्णिमेला उधाण येतं, पाणी सगळ्यात वर चढतं. त्या पाण्यावर होडी काठाच्या पार वर आणून ठेवायची, दोर बांधायचे. पुढच्या दिवसांत भांगाची भरती, तिचं पाणी तिथवर पोचत नाही. होडी कोरडी. मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभरात, काम उरकायचंच. नाही उरकलं तर उघड्या पोटाची होडी पाण्यात जाणार, नाही तर आणखी पंधरा दिवस धंदा बंद. आमच्या घरातलं कालनिर्णय आई संकष्टीसाठी बघायची. मिस्त्रींच्या घरातलं उधाणासाठी बघितलं जात असणार.

मी पाहिलेली एक दुरुस्ती सांगते. रेती वाहणारी मोठी होडी होती. बाबांनी मला एका रविवारी बंदरावर नेलं. दोन माणसं खरवडणीने तळावरचं शेवाळ आणि कालवं खरवडत होती, वास नाकात बसत होता. मिस्त्री एका लाकडी ठोकणीने फळ्या वाजवत पुढे सरकत होते. टक्, टक्, टक्, आणि मधेच एक आवाज भद्द यायचा. तिथे खडूची फुली. कीड कुठे लागली हे त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. फुलीची फळी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची. नवी फळी सरळ असते आणि होडीचं अंग वळलेलं. मग खाली पालापाचोळ्याची आच, वरून पाण्याचे सपके, एका टोकाला दगड बांधलेले. फळी हळूहळू मऊ पडते, झुकते, आणि झुकलेली असतानाच धावत नेऊन जागेवर खिळवायची. खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेल्या कापसाचा वेढा, म्हणजे खिळ्याच्या वाटेनंही पाणी येणार नाही.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत राळ आणि तेलात बुडवलेल्या कापसाची वात ठेवायची आणि बोथट छिन्नीवर मोगरीचे ठोके देत ती आत बसवत न्यायची. ठोका जोरात पडला तर फळ्या फाकतात, हलका पडला तर वात सैल राहते. एक म्हातारा माणूस हेच काम करत होता, दुसरं काही नाही. त्याच्या ठोक्यांचा ताल सकाळपासून दुपारपर्यंत तसूभरही बदलला नाही. शेवटी बाहेरून सगळ्या तळाला चुना आणि चरबीचा लेप. वरच्या अंगाला माशाचं तेल. मी घरी आले तेव्हा आईने आधी मला न्हाणीघरात पिटाळलं.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटणच्या खाडीकाठी कातळात खोदलेली आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे. मी ती मुद्दाम जाऊन पाहिली. साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत यायचं, ओहोटीला कोरडं पडायचं. तत्त्व तेच, आमच्या बंदरावरच्या चिखलातलं. फक्त इथे चिखलाच्या जागी कातळ. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं. गोदी जळण्यासारखी नव्हती म्हणून राहिली. तिच्या काठावर उभी असताना वाटलं, इतिहासाला लढाया लक्षात राहतात, पण लढाईहून परतलेलं जहाज या भिंतींच्या आत किती पंधरवडे पडून असेल, आणि त्याच्या अंगावर किती हात फिरले असतील.

मुंबईच्या जहाजबांधणाऱ्यांची नावं मात्र अशी हरवली नाहीत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी झाली, आणि पुढच्या वाडियांनी बांधलेल्या जहाजांची नावं, सालं, मापं सगळी लिहिलेली आहेत. १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ तर अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. मला त्या घराण्याचा अभिमानच वाटतो. पण वाडियांच्या मागे कंपनी सरकारचं दप्तर होतं. कल्याणच्या काठावरच्या मिस्त्रीच्या मागे दप्तर नव्हतं.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिलंय ते मला फार मोलाचं वाटतं. साग वगैरे लागेल तो परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालं असेलच तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. राज्याच्या धोरणात लाकडामागच्या माणसाचा विचार आहे. ओंडक्यापर्यंतच्या माणसाचा. ओंडक्यापासून पुढे जो होडी करतो, त्याचं नाव मात्र तिथेही आलं नाही.

१ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली. गावाचं तोंड खाडीकडून स्टेशनकडे वळलं, पण होड्या लगेच संपल्या नाहीत. भात, गवत, विटा, कौलं यांना घाई नसते, ती पाण्यावरूनच जात राहिली. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर मचवे, पडाव, होड्या यांच्याबद्दल सविस्तर लिहितं. मग रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले. माझ्या लहानपणी उरली होती ती रेती. माणसं बादली घेऊन खाडीच्या तळाशी बुडी मारायची आणि रेती भरून वर यायची. तिला ‘डुबी’ म्हणत. त्या रेतीवर कल्याण-डोंबिवलीच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या रेतीच्या होड्यांवर मिस्त्रींचं घर चाललं. पुढे पत्र्याच्या बार्ज आल्या, सक्शन पंप आले, उपशावर बंदी आली. पत्र्याला वेल्डर लागतो. वाकड्या बाभळीला गिऱ्हाईक राहिलं नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत वखारीच्या काही जुन्या चोपड्या निघाल्या. मालकाने वखार बंद करताना रद्दीत घातल्या असत्या, त्या बाबांनी घरी आणल्या होत्या. मी त्या पानन्‌पान चाळल्या, मिस्त्रींसाठी. होडी, वाक, बंदर, असा एखादा शब्द मिळेल म्हणून. साग घनफुटात, तुळया नगात, वासे कोडीत. प्रत्येक दिवाळीनंतरच्या पानांवर मात्र एकच शब्द, बाबांच्या रेखीव मोडीवळणाच्या अक्षरात: ‘जळाऊ’. वजन आणि रक्कम. होडीच्या बरगड्या वखारीच्या हिशेबात जळण म्हणून गेल्या होत्या. बाबांची चूक नव्हती, त्या मालाला दुसरा भावच नव्हता. पण कुणी उद्या या चोपड्यांवरून कल्याणचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला वाटेल की इथे चुली फार पेटत होत्या.

आणि मी? मी चार-पाच वर्षं त्या माणसाच्या मागेमागे फिरले. ढिगातली लाकडं ओढायला मदत केली, त्यांच्या पानाच्या डबीतली बडीशेप खाल्ली. त्यांचं नाव विचारलं नाही. मिस्त्रीकाका एवढंच. बाबांनाही आठवत नव्हतं; शेवटच्या आजारात मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बंदरावरचे.”

मध्यंतरी ओहोटीच्या वेळी दुर्गाडीखाली गेले होते. जलपर्णीचा हिरवा थर, प्लॅस्टिक, आणि वर पुलावरून न थांबणारी वाहनं. काठाच्या चिखलात तिवरांमध्ये एका जुन्या होडीचे वाक वर आलेले दिसले. फळ्या कधीच गेल्या होत्या. चपला काढून, साडी खोचून मी तिथवर गेले. अकरा वाक मोजले. एकावरचा चिखल हाताने पुसला आणि बोट फिरवलं.

ती रेतीची होडी दुरुस्त झाली त्या रात्री आम्ही बंदरावर होतो. पौर्णिमा होती. पाणी चढत चढत आलं, टेकू एकेक करून निघाले, होडी अंगात आल्यासारखी थरथरली आणि उचलली गेली. माणसं ओरडली, नारळ फुटला. मी वाकून आत पाहिलं तर तळात पाणी! सांध्यासांध्यांतून बारीक धारा लागल्या होत्या. मी घाबरून मिस्त्रींचा हात धरला. एवढं काम, एवढा कापूस, आणि ही तर गळते आहे. ते पान लावत होते. “गळत नाय बाय. पंधरा दिवस उन्हात होती, तहानली. आता पिऊ दे तिला. दोन दिवसांत लाकूड फुगेल आन्‌ दार लावून घेईल.” त्यांनी एका पोराला डबा घेऊन पाणी उपसायला बसवलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि जेवायला घरी निघाले.